टोपी

आज्याची टोपी डोक्यावर घालायची नव्हती.
डोळ्यांवर घालायची,
आणि डोळे आज्याचे नव्हते.

रेशन कार्डावर, लाईट बिलावर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर
आमचं आडनाव चित्तेवान.
चित्ता मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही,
दस्तगीर आजा सोडून.

बोटीनं यायचे, म्हणायचा, आफ्रिकेतनं,
पुढं आगगाडीत, पिंजऱ्यात आडवे पडून,
उतरल्यावर दोन दिवस अन्नाला तोंड लावायचे नाहीत.
मग खाटेला बांधायचं. डोळ्यांवर टोपी.
आणि शेजारी बसून बोलत राहायचं,
दिवसा, रात्री, पाळीपाळीनं, महिनोन् महिने.
बोलणं थांबलं की जनावर परत रानाचं.
काय बोलायचास रे?
काय बी. मटणाचा भाव. तुझ्या आजीच्या कागाळ्या.

संस्थान गेलं, चित्ते गेले, आजा गेला.
टोपी राहिली खिळ्याला.
चप्पल लाईनीतल्या कुणीतरी शिवलेली,
तीच वादी, तोच टाका,
वास अजून येतो, जवळ नेली तर.

गेल्या जानेवारीत भाच्याकडं गेलो.
इर्शाद शिरोलीतल्या फौंड्रीतनं थेट नैरोबीला, पंपांच्या कंपनीत.
टोपी पिशवीत घेतली.
वाटलं, जिथलं तिथं पोचवावं.

रान लहानसंच.
तारेचं कुंपण नाही, कमान नाही, काटेरी झुडपांत एक पाटी.
लेमायान म्हणून राखणदार, लाल शाल, हातात काठी.
इर्शाद मधे बसून इकडचं तिकडं सांगत होता.
हे रान कुणाचं?
आमचं.
म्हणजे सरकारचं?
आमचं.
त्यानं धुळीत काठीनं ठिपके काढले, एकेक घर,
काढता काढता माझ्या पायापर्यंत आला,
म्हणाला, जरा सरका, इथं माझी मावशी राहते.

शेळी मारली चित्त्यानं, तर पैसे सगळ्यांच्या पेटीतनं.
किती द्यायचे ते झाडाखाली ठरतं,
आणि दरवेळी भांडण होतं.
एक म्हातारा आहे, म्हणाला,
त्याची मेलेली प्रत्येक शेळी गाभणच असते.
मी इतका हसलो की इर्शाद घाबरला.
आमच्या दूध संस्थेची वार्षिक सभा डोळ्यांपुढं आली,
मागच्या रांगेतनं फॅटवरनं ओरडणारा शामराव वरुटे
लाल शाल पांघरून.

मग तो दिसला.
वारुळावर. मोकळ्या डोळ्यांनी.
नाकाच्या दोन्ही अंगांनी ती काळी रेघ,
आज्या सांगायचा तश्शी.
आडनावाला साठ वर्षांनी
त्याचा अर्थ दिसत होता,
आणि मला चष्मा पुसायला सापडेना.
ह्या नजरेच्या किती जवळ जायचा आज्याचा हात.
रोज. वादी बांधायला.

टोपी काढून लेमायानला दिली.
त्यानं उलटीपालटी केली, हुंगली,
आतनं बोट फिरवलं, जिथं डोळे येतात तिथं.
मग टाका बघितला, मग माझी चप्पल,
मग स्वतःच्या पायातली, टायर कापून केलेली.
टोपी परत माझ्या हातात.
हे आमचं नाही, म्हणाला.
वारुळाकडं हनुवटी केली.
ते आमचं.

मुंबईला कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय?
टोपी, साहेब.
कुणाची?
मला लगेच सांगता आलं नाही.

आता ती पुन्हा खिळ्याला आहे.
गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन रात्री घरी येतो,
मिशीवरचा फेस पुसतो,
आणि खाटेवर बसून बोलत राहतो.
घरचा शिरस्ता आहे, बोलणं थांबवायचं नाही.
मटण सातशेच्या वर गेलंय.
रंकाळ्याला पुन्हा जलपर्णी.
आणि ऐक,
तुमच्यातला एक बघून आलो.
वारुळावर बसला होता.
आमच्याकडं बघून त्यानं मोठी जांभई दिली,
आणि मान फिरवली.