सुईचा नंबर

वाडीतून जुन्या पादरा रोडपर्यंत
एकोणीस बम्प आहेत.
डाव्या कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत
एकेक मोजलाय मी.
रुखसार रिक्षावाल्याला सांगत होती, भैया, धीरे,
आणि धीरे म्हणजे काय, ते तो
प्रत्येक खड्ड्यात नव्याने शिकत होता.

मांडीवर एमआरआयचं पाकीट.
त्यात माझे मणके,
काळ्या कापडावर खडूने आखल्यासारखे,
आणि चौथ्या-पाचव्याच्या मध्ये गादी बाहेर आलेली,
उसवलेल्या उशीतून कापूस यावा तशी.
हे मला कुणी समजवावं लागलं नाही.

बत्तीस वर्षं पायमशीन.
गेल्या नवरात्रीत एकवीस चणिया,
एकेकीचा घेर नऊ मीटर, आरशांचं वजन वेगळं.
दसऱ्याला सकाळी उठले, तर कमरेपासून घोट्यापर्यंत
कुणी गरम तार ओवून ठेवलेली
आणि गाठ मारायला विसरलेलं.
तेव्हापासून पडलेली टाचणी
मी वाकून उचललेली नाही.
सुतळीला लोहचुंबक बांधलंय,
विहिरीत पोहरा सोडावा तसं सोडते.

पालथं झोपवलं. पोटाखाली उशी.
पाठीवर काहीतरी गार, उग्र वासाचं.
डॉक्टर पंचाल म्हणाले, शालनबेन, हलशो नही.
मी विचारलं, साहेब, सुई कितीची?
आधी बधिर करायला सव्वीसची, म्हणाले, मग अठराची.
सव्वीस!
माझा श्वास उशीतच राहिला.
मग उलगडलं, यांच्यात उलटं असतं.
आमच्याकडे आकडा चढला की सुई जाड होते,
अठरा म्हणजे जीन्स, रेक्झिन;
यांच्याकडे आकडा चढेल तशी बारीक होत जाते.
मी सांगितलं तसे डॉक्टर हसले,
स्क्रीनजवळचा पोरगाही हसला.
आणि माझ्या लक्षात आलं,
जन्मभर सुई धरली,
कापड व्हायची वेळ पहिल्यांदाच.

कातडी. खाली मऊ अस्तर.
मग काहीतरी चिवट, कॅनव्हास घातलेल्या कॉलरसारखं.
तो दट्ट्यावर अंगठा टेकवून
जरा दाबून बघायचा, जरा पुढे सरकायचा,
पुन्हा दाबून बघायचा.
मला दिसत नव्हतं, पण हा हात मी ओळखते.
चार पदरांतून सुई जाताना
शेवटचा पदर संपला की बोटांना
एक ‘हं’ ऐकू येतो.
तिथेच थांबायचं असतं.
त्यालाही आला ऐकू.
थांबला.

औषध गेलं तसा पाय भरून आला,
तीच कळ, त्याच वाटेने, थेट अंगठ्यापर्यंत,
पण या वेळी कुणीतरी विचारत होतं,
आ ज दुखावो ने, बेन?
आ ज, मी म्हटलं. आ ज.
वर्षभर सगळे म्हणत होते, वात आहे,
वय आहे, मेथीचे लाडू खा.

दोन तास आडवं ठेवलं.
रुखसारने चहात बिस्किट बुडवून भरवलं.
मी काही लहान नव्हते. खाल्लं.

जाताना डॉक्टर म्हणाले, तीन महिने बरं वाटेल, कधी सहा,
कधी, खरं सांगतो, काहीच नाही.
म्हणजे कच्चा टाका.
चालेल, साहेब.
ट्रायल कच्च्या टाक्यावरच तर घेतात.

पाचव्या दिवशी संध्याकाळी
नीरूबेनच्या ब्लाऊजमधून टाचणी निसटली.
गुडघे मोडून, त्यांनी दाखवलं होतं तसं, खाली गेले.
उचलली.
मग पुन्हा टाकली.
पुन्हा उचलली.
रुखसार हूक लावता लावता बघत होती,
काही बोलली नाही.

लोहचुंबक अजून खिळ्याला आहे.
सुतळी मी सोडलेली नाही.