सहासष्ट

साडेआठला राऊटरनं विचारलं : नवीन आवृत्ती आलीय, घेऊ का?
मी हो म्हटलं.
चौतीस वर्षं एजी ऑफिसात काढली,
कुठल्या कागदावर इतक्या पटकन हो म्हटलं नव्हतं.
त्र्याहत्तर टक्क्यांवर जनकगंजची लाईट गेली.

जूनमध्ये ती जातेच. सबस्टेशनचा माणूस म्हणाला,
"मैडम, लोड है, आधा घंटा," आणि फोन ठेवला.
कूलरचं पातं गरगरत थांबलं,
खसच्या ताटीचा ओला वास तेवढा खोलीत राहिला.
लाईट आली तेव्हा सगळी उठली,
फ्रीज, पंखा, देवघरातला लाल झीरोचा बल्ब,
राऊटर तेवढा उठला नाही.
एकच केशरी दिवा, तोही ढिम्म.

हे म्हणाले, "फेकून दे. हजार-बाराशेत नवा येतो."
मी म्हटलं, मेलेला नाही तो.
जुनं पुसून झालंय, नवं पुरतं उतरलेलं नाही.
कार्यमुक्त झालेला,
पण अजून कुठे रुजू न झालेला कारकून.
असे मी पुष्कळ पाहिलेत, ट्रंकेवर बसून असतात.

बडोद्याहून भाचा त्र्यंबक फोनवर सांगायला लागला.
मावशी, लॅपटॉपला पिवळी वायर लाव.
मावशी, लॅपटॉपचा पत्ता बदल :
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, सहासष्ट.
सहासष्टच का रे?
म्हणाला, त्याचं सगळं गेलं तरी तळाशी थोडं शिल्लक असतं,
आणि त्या शिल्लकीला एकच पत्ता पाठ असतो.
रीसेट दाबून चालू केलंस की तो तिथेच जाऊन विचारतो,
कुणी आहे का?
तेव्हा तिथे फाईल हवी.

फाईल आठ एमबीची.
माझ्या फोनवर नुसता बोलण्याचा पॅक, यांच्या फोनला बटणं.

आणि दार वाजलं.

दिगंबरभावजी. बनियनवर, हातात फोन.
चार वर्षं झाली, टाकीच्या मोटरच्या बिलावरून
गच्चीत आणि बोलण्यात मधे भिंत पडली त्याला.
भिंत घालताना गवंड्याला वायफायचं कुणी सांगितलं नव्हतं.
पासवर्ड त्यांना आधीपासून माहीत होता,
मी कधी बदलला नाही, त्यांनी कधी कबूल केलं नाही.
चौकटीकडे बघत म्हणाले,
"तुमच्याकडेही बंद आहे का?"

यांनी वर्तमानपत्र वर धरलं.
मी म्हटलं, बंद आहे. तुमच्या फोनवर नेट आहे?

आत या म्हटलं नाही मी, ते आलेही नाहीत.
उंबऱ्याबाहेर उभे राहिले, हॉटस्पॉट लावून,
तुळशीच्या कुंडीपाशी, जिथून दोन काड्या येत होत्या.
"पासवर्ड," ते म्हणाले, "एमपीजी..."
चव्वेचाळीस एकाहत्तर, मी टाकून मोकळी झाले होते.
मामंजींच्या लॅम्ब्रेटाचा नंबर.
लग्न होऊन आले तेव्हा स्टेशनवर
माझी ट्रंक त्याच स्कूटरला बांधली होती,
आणि ट्रंक धरून मागे बसला होता
अकरावीतला एक मुलगा.
वर्तमानपत्र बराच वेळ उलटलं गेलं नाही.

आठ एमबी यायला सतरा मिनिटं लागली.
भावजी हललेदेखील नाहीत, हललं की काडी जायची.

मग टाचणीनं रीसेट दाबलं, बटण चालू,
मनात आकडे. सहा. सात.
खिडकीत एक ओळ उमटली :
त्यानं विचारलं होतं.
सहासष्टवर मी होते.

केशरी, मग काही नाही, मग काही नाही, मग हिरवा.

"झालं?" बाहेरून.
"झालं."
चपला वाजल्या, पलीकडचं दार लागलं.

आता तो कोऱ्या पाटीसारखा मलाच सगळं विचारत होता.
नाव काय ठेवू? जुनंच ठेव.
पासवर्ड?
जुना माझ्या बोटांवर होता.
टाकला असता तर भिंतीपलीकडे
त्यांचा फोन आपोआप जोडला गेला असता,
कुणाला काही बोलावं लागलं नसतं.

मी नवा ठेवला.
यांना सांगितला नाही,
चिठ्ठीवर लिहून चहाच्या डब्याखाली ठेवला,
आणि सकाळी दूध अर्धा लिटर जास्त घेतलं.