खुंट्यांवर सात

काटोवित्सेच्या तळघरातल्या क्लबात
बोगुमिला कोट सांभाळते.
स्टेज तिला दिसत नाही; मधे भिंत.

पलीकडे तिमोनची गिटार सुटलेली.
खाणीतून निवृत्त झालेला अलोइझ
मांडीवर अकरा मात्रा धरतो,
नवव्यालाच हातून निसटतात,
आणि हसतो, अंधारात पायरी चुकलेल्या पोरासारखा.

बोगुमिलाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.
"बोटांना घाई आहे," ती म्हणते,
"माणसाला नाही.
आला तेव्हा कोटाचं लोंबतं बटण
दाखवून म्हणाला, सुई आहे का?
स्वतःच टाचत बसला, सावकाश."

बाहेर उणे चौदा.
कार्यक्रम संपतो. माणसं जिना चढतात
बडबडत, हवेतल्या हवेत तारा छेडत.
खुंट्यांवर राहतात सात कोट.

ती हाक मारत नाही.
कोपऱ्यापर्यंत तरी जाऊ देत,
ऊब आहे तोवर.