उतरंड

रात्रीचे साडेअकरा. कॉलेजच्या लॅबमध्ये
मी, मशीन, आणि शबाना मकानदारची पिशवी.
तीत अकराशे सोळा घरांचे फॉर्म,
खानापूरपासून निपाणीपर्यंतची बेचाळीस गावं.
काही फॉर्मांना तंबाखूचा वास.

प्रश्न आठच होते.
आकडे कोणत्या भाषेत मोजता?
शेळीला कोणत्या भाषेत हाकलता?
भांडता कशात, आणि भांडण मिटवता कशात?
पोराच्या दाखल्यावर काय लिहिलंय, हे विचारलं
तेव्हा बऱ्याच जणांनी आधी दाराबाहेर पाहिलं.

गट कुठला, हे विचारायचं नव्हतंच.
तो दडलेला असतो उत्तरांच्या मागे,
उतरंडीतल्या खालच्या मडक्यात
पुरचुंडी असावी तसा.
वरची मडकी न हलवता
नुसतं वाजवून ओळखायचं.
घरं गावांत, गावं पुन्हा गावांच्या कुठल्याशा गटांत.
पुस्तकातला शब्द जड आहे,
मी उतरंडच म्हणतो.

दोन गट केले. जमलं,
इतकं जमलं की लाज वाटली:
दोन तर कुणीही सांगेल, पाट्या वाचून.
तीन केले, आकडा उतरला.
चार. अजून उतरला.
प्रत्येक नव्या गटामागे दंड भरावा लागतो,
फुकटात कुणाला वेगळं होता येत नाही.
पाचला अडलं.

दंड ठरतो, एकूण किती मोजले त्यावर.
आणि इथं मोजायचं काय?
घरं धरली तर दंड भारी, चारवर थांबा.
गावं धरली, बेचाळीसच, तर हलका:
पाच चालतील.
पुस्तकं दोन्हीकडून बोलतात,
लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी.

पाचवा गट म्हणजे एकतीस घरं.
धरणाच्या पाण्यानं उठवलेली,
तीन गावांच्या कडेला ओळीनं बसवलेली.
आठातल्या सहा प्रश्नांना त्यांचं उत्तर एकच:
समोर जो असेल, त्याच्या भाषेत.
चार गट केले की ही माणसं
इकडंतिकडं विरघळतात.
कोणी कुरकुरत नाही.

मशीन पुन्हा चालवलं, वेगळ्या सुरुवातीनं,
शंभर वेळा.
पहिला गट तिसरा झाला, तिसरा दुसरा.
माणसं तीच, नुसत्या पाट्या फिरल्या.
त्याची इथं सवय आहे.

फॉर्म सहाशे बेचाळीस. बाळव्वा सुळगेकर, विड्या वळते.
वळताना ओंदु, एरडु, मूरु;
पंचविसाचा कट्टा बांधला की मराठी.
पहिल्या गटात असण्याची शक्यता शेकडा एकेचाळीस,
तिसऱ्यात अडतीस, उरलेली एकवीस पाचव्यात.
नियमानं ती पहिल्यात गेली.
तीन टक्क्यांनी.
समासात शबानाच्या बारीक अक्षरात:
‘बाई म्हणाल्या, कशाला मोजूलायस गे?
आमी हाय तेवढी हाय की.’

हा शेरा कुठल्या रकान्यात भरायचा
हे मी तिला शिकवलं नव्हतं.

अहवालात एक चौकट आहे, बोटाच्या नखाएवढी:
गटांची संख्या.
त्यात ‘साधारण’ लिहायला जागा नाही.
मी घरं मोजली. चार लिहिलं.
मग बराच वेळ त्या चारकडं बघत बसलो.

भरमाण्णा किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला.
“सर, इन्नू एष्टु होत्तु?”
“ऐदु निमिष,” मी म्हणालो,
आणि जीभ तशीच थांबली.
आठ प्रश्नांतला पहिला
मला कुणी विचारला नव्हता.

तो दारात उभाच.
चौकटीच्या खाली, शिसपेन्सिलीनं,
खोडता येईल इतपत दाबून
मी लिहिलं: एकतीस घरं, पाहा.
पिशवी उचलली. तिचा एक बंद तुटलेला होता,
दोन्ही हातांनी धरून जिना उतरलो.