वीसपर्यंत

सस्कॅचवान. सकाळचे साडेसहा. उणे अडतीस.
ओरेस्टचा डिझेल पिकअप खोकतो, घसा खरवडतो
आणि गप्प.
तीन हिवाळे म्हातारा बॅटऱ्याच बदलतोय,
स्टार्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय.

हातमोजा दातांत धरून
मी टेस्ट लॅम्पचं टोक
एकेका ग्लो प्लगला टेकवलं.
पहिला उजळला. दुसरा नाही. तिसराही नाही.
आठांतले पाच मेलेले.
"पाच?" तो म्हणाला,
जणू मी शेजाऱ्यांची नावं घेतली.

सातवा आत फुगून बसलेला.
पाऊण तास त्याच्याशी गोडीगुलाबी,
अर्धा आटा बाहेर, पाव आत.
तुटला असता तर हेडच उतरवावं लागलं असतं,
हे मी ओरेस्टला सांगितलं नाही.

नवे बसवले. "किल्ली फिरव, पण थांब.
पिवळा दिवा विझू दे."
थांबणं त्याला कधी जमलंच नाही.
ते मारिकाचं काम होतं, शेजारच्या सीटवरून:
मोज, ओरेस्ट, वीसपर्यंत.

तो मोजू लागला, मोठ्यानं, युक्रेनियनमध्ये.
सोळाला दिवा विझला.
तो वीसपर्यंत गेला.

धडधड. पांढरा धूर पार कुंपणापर्यंत.

पैशांऐवजी बीटच्या लोणच्याची बरणी दिली.
झाकण गोठलंय.
चुलीशेजारी ठेवलीय.