वाचलं तर मोल

वकील लर्विकहून आला. दारात बूट पुसले,
चहात साखर नको म्हणाला,
टेबलावर कागद पसरले.
मी बोटीची वही काढली.
'टिरिक'चे हिशेब एकोणीस वर्षं मीच लिहिते.
कप्तान माझा भाऊ, मॅग्नी.
आठवा हिस्सा माझा
आणि डेकवर सगळ्यांत धाकटा, तो माझा लॉरी.

"कायदा सोपा आहे," वकील म्हणाला.
"जहाज वाचलं, तर जहाजाच्या किमतीतून वाटा.
माल वाचला, तर मालाच्या.
वाचलं तर मोल,
बुडलं तर फोल."
आणि माणसं?
त्यानं चष्मा काढून पुसला.
"माणूस वाचवणं कर्तव्य आहे, बाई.
कर्तव्याला दर नसतो."

मग त्यानं विचारलं, दोर कुणी तोडला.

मॅग्नी खिडकीबाहेर बघत राहिला.
लॉरी म्हणाला, मी.
मामा म्हणाला तोड, मी तोडला.

फेब्रुवारीची तीन तारीख, सम्बराच्या दक्षिणेला,
इंजिन मेलेलं जहाज, पोटात पाइनच्या फळ्या,
एका कुशीवर कललेलं, म्हातारी गाय बसावी तसं.
दहा माणसं तराफ्यातून आमच्या डेकवर आली
आणि त्यांचा कप्तान म्हणाला, सगळे आलो.
मग दोर टाकला. दोनदा तुटला. तिसऱ्यांदा धरला.
दीड तास ओढत होते. बंदर सहा मैलांवर.
लॉरीनं मनात आकडा मांडला होता,
त्यानंच सांगितलं मला नंतर:
छपराचं कर्ज, नवं जाळं, वर उरतील तेवढ्यात
आन्यासाठी अंगठी.

तेव्हा मागच्या डेकवर कुणीतरी उभं राहिलं.
स्वयंपाकी. खाली झोपला होता म्हणे, तापानं.
कुणी मोजलाच नव्हता.
त्यानं दिवे बघितले आणि उडी मारली.

दोराला बांधलेली बोट वळत नाही.
एवढंच आहे त्यात.
वकिलानं ते तीनदा लिहून घेतलं,
तीनदा वेगळ्या शब्दांत.

जहाज पहाटे खडकावर गेलं.
"म्हणजे शून्य," वकील म्हणाला,
आणि खरंच वाईट वाटलं त्याला, ते दिसलं.
कागद गोळा करताना म्हणाला,
किनाऱ्यावर फळ्या लागतायत ना वाहून?
त्या उचला. कळवा सरकारात, लपवू नका.
फळीमागे काहीतरी मिळेल.

फळीमागे.
मॅग्नी हसला. पहिल्यांदा, त्या आठवड्यात.

लॉरी तीन दिवस बोलला नाही मामाशी.
चौथ्या दिवशी दोघं वाळूवर गेले,
ओल्या फळ्या एकेक करून ट्रॅक्टरवर चढवल्या,
दोनशे चौदा.
मी आकडा लिहिला. पाइनचा वास
अजून गोठ्यातून जात नाही.

रात्री वही पुरी करायला बसले.
डिझेल. दोर, एकशे वीस मीटर, गेला.
गिअरबॉक्स.
दोन दिवसांची मासेमारी बुडाली.
लॉरी मागून येऊन उभा राहिला.
"स्वेटर लिहिलास?"

निळा. मी विणलेला, कोपरावर ठिगळ.
थरथरत होता तो माणूस, दात वाजत होते,
म्हणून ह्यानं अंगातला काढून दिला.
हेलिकॉप्टर आलं आणि तो तसाच गेला, स्वेटरासकट.
नाव काय त्याचं?
लॉरीला माहीत नाही. मॅग्नीलाही नाही.
वकिलाच्या कागदात फक्त 'अकरावा'.

खर्चात लिहू की येणं म्हणून?
लॉरी म्हणाला, कुठंही लिही,
पण लिही.

मी पेन धरून बसले बराच वेळ.
बाहेर वारा फिरला होता, वायव्येकडून.
स्वेटर, एक, असं लिहिलं
आणि पुढची रक्कम
रिकामी सोडली.