बाकी सव्वीस

फ्रिजच्या दारावर टायरवाल्याने दिलेलं कॅलेंडर आहे.
त्यावर आमचे तीन पास तीन रंगांत पसरलेत:
तादेओचा फेब्रुवारीत, टॅक्सचा परतावा येईल येईल म्हणतात तेव्हा,
माझा मे महिन्यात,
विल्मरचा सप्टेंबरात, शाळेच्या बसचा पगार पुन्हा सुरू झाला की.
तिन्हींचा पहिला हप्ता एकदम आला
तर घर आडवं होईल.
असा वाटून घेतला की नुसतं लंगडतं.

लाँड्रीत बर्नीस चादरीचं दुसरं टोक धरून म्हणते,
"ओडालिस, भाड्याच्या घरात राहतेस
आणि पाळण्यांवर पैसे उधळतेस?"
मी कोपऱ्याला कोपरा जुळवते.
दिवसाला दोनशे अंथरुणांच्या घड्या घालते मी, बर्नीस,
लोकांच्या.
पाय किती पसरायचे ते मला नको सांगूस.

कॉफीच्या डब्यात आठवड्याला अकरा डॉलर.
टिप कमी पडली तर सात.
गाडीची बॅटरी गेली त्या आठवड्यात
उणे वीस.
बायामोनहून सासूबाई खेळणी पाठवायच्या,
त्यांना कळवलं, खेळणं नको, एक महिना पाठवा.
तेव्हापासून पाकिटावर लिहून येतं,
मार्च, आजीकडून.

ऑगस्टात विल्मरकडे पास नसतो.
पार्किंग फुकट ते त्याच्याच पासावर,
म्हणून गाडी लांब, फर्निचरच्या दुकानामागे.
तो फाटकापर्यंत चालत येतो,
पाण्याच्या बाटल्या आमच्या हातात देतो
आणि परत जाऊन सीट मागे पाडून झोपतो.
रात्री आतषबाजी आम्हाला समोरून दिसते,
त्याला काचेतून.
"माझीच जागा स्वस्त," म्हणतो,
आणि बराच वेळ गाडी सुरू करत नाही.

जुलैत घरचा एसी बंद पडला
तेव्हा गाणाऱ्या मगरींचा खेळ आम्ही सलग चार वेळा पाहिला.
पाचव्या वेळी दारावरच्या पोरीने काही विचारलं नाही,
मागची रांग दाखवली.
तिथे वारा जास्त लागतो.

घरी येताना तादेओ भागाकार करतो.
तो त्याला शाळेत नाही आला, याच हायवेवर आला.
तीनशे शहाण्णव भागिले छत्तीस फेऱ्या.
"अकरा! बाकी शून्य!"
पुढच्या रविवारी भागिले सदतीस.
"दहा. बाकी सव्वीस."
मग जरा थांबून,
"बाकीचं काय करायचं?"
मला तेव्हा वळण घ्यायचं होतं,
मी म्हटलं, असू दे बाकी.
आता पाय दुखत असले तरी तोच म्हणतो,
चल ना, नुसतं पाणी पिऊन येऊ,
अजून उतरेल.

नवव्या वर्षापर्यंत मुलाचा दर.
दहाव्याला माणूस.
बारा फेब्रुवारीला तो दहाचा होतो.
खिडकीवरची बाई हळू आवाजात म्हणाली,
अकरा तारखेला नवा केलात
तर पुढचं अख्खं वर्ष मुलाच्याच दरात.

त्याला हे ठाऊक नाही.
तो मोठ्या रोलर कोस्टरच्या पट्टीखाली उभा राहतो,
टाचा उचलत नाही असं दाखवत उचलतो,
केस बोटांनी फुगवतो.
दोन बोटं कमी.
पट्टीवरचा पोरगा मान हलवतो,
तादेओ माझ्याकडे बघतो,
आणि मी, त्याची आई,
खोटं खोटं हळहळते.

अकराला बुधवार आहे.
विल्मरची सकाळची फेरी, माझी दुपारची पाळी.
डबा उघडून तीनदा मोजला,
तिन्ही वेळा आकडा वेगळा आला
पण पुरेल.
बर्नीसने पाळी बदलून दिली.
चादरीचं टोक माझ्या हातात ठेवत म्हणाली,
"जा, आण एक वर्ष.
आणि पावती सांभाळून ठेव."